घर पाहताना टाळी वाजवून पाहा

नमस्कार श्रोतेहो.

दसरा-दिवाळी जवळ आली की नागपुरात घरं पाहणाऱ्यांची लगबग सुरू होते. बेसा, मनीषनगर, हिंगणा रोड, काटोल रोड. रविवारी सकाळी तर्रीपोहे खाऊन घरची घरं फ्लॅट स्कीम पाहायला निघतात. नळ किती वेळ येतो, गाडी कुठे लागेल, देवघर कोणत्या दिशेला येईल, हे तुम्ही विचारताच. ते मी सांगायला नको. आज मला बोलायचंय ते नव्या घरात एक खोली सिनेमा पाहायला, गाणं ऐकायला राखून ठेवायची हौस असणाऱ्या श्रोत्यांशी. होम थिएटरची हौस.

एक गोष्ट आधीच सांगतो आणि पुन्हा पुन्हा सांगणार आहे. टीव्ही बदलता येतो, स्पीकर बदलता येतात, खोलीची लांबी-रुंदी बदलता येत नाही. म्हणून आधी खोली, मग यंत्रं. लोक उलट करतात. दुकानात जाऊन भला मोठा टीव्ही घेतात आणि मग तो कुठे लावायचा म्हणून भिंत शोधत बसतात.

हे मला माझ्या मामांनी शिकवलं. मामा उभं आयुष्य नागपुरातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. जुन्या प्रोजेक्टरमध्ये कार्बनच्या कांड्या जाळून उजेड पाडायचे, त्या काळापासूनचे. मे महिन्यात त्या केबिनमध्ये उभं राहणं म्हणजे काय, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. सिनेमा त्यांनी पाहिला त्याहून जास्त ऐकला. मशीनच्या घरघरीतून हॉलमधला आवाज नीट जातोय की नाही, हे त्यांना आतूनच कळायचं.

माझा दादा घर शोधत होता तेव्हाची गोष्ट. दादा-वहिनींनी तीन घरं नक्की करत आणली होती. दादाला सिनेमाची खोली हवीच होती, म्हणून मामांना सोबत घेतलं. मीही गेलो.

पहिलं घर वर्धा रोडला, सातव्या मजल्यावर. भला मोठा हॉल, पश्चिमेला जमिनीपासून छतापर्यंत काच, खाली चकचकीत टाइल्स, स्वयंपाकघर हॉललाच जोडून उघडं. दादा पाहताक्षणी प्रेमात पडला. मामा काही बोलले नाहीत. हॉलच्या मधोमध उभे राहिले आणि त्यांनी एक टाळी वाजवली. जोरात, एकच. टाळी संपली, पण तिच्यामागून टर्रर्र असा आवाज भिंतीभिंतींतून पळत राहिला. बिल्डरचा माणूस बघतच राहिला. मामांनी त्याच्या हातातलं माहितीपत्रक घेतलं, वहिनींना दिलं आणि म्हणाले, "सूनबाई, त्या भिंतीपाशी उभं राहून हे वाचा जरा. मोठ्यानं नको, बोलतो तसं." वहिनी वाचू लागल्या. आम्ही दुसऱ्या टोकाला. आवाज येत होता, शब्द लागत नव्हते. एका अक्षरावर दुसरं अक्षर चढत होतं. दादा म्हणाला, "मामा, खोली रिकामी आहे, सामान आलं की जाईल हे." मामा म्हणाले, "टाइल्सचं जाईल रे बाबू, सतरंजी टाकली की जाईल. त्या काचेचं काय करशील? आणि मे महिन्यात संध्याकाळी चारला त्या काचेतून ऊन येईल, तेव्हा पडद्यावर काय दिसणार आहे तुला?"

दुसरं घर मनीषनगरला. तिथे एक खोली बिल्डरनं मुद्दाम मीडिया रूम म्हणून दाखवली. बारा बाय बारा. अगदी चौकोनी, छान रंगवलेली. टाळी बरी वाजली. वहिनींचं वाचणंही कळलं. दादा खूश. मग मामांनी एक गंमत केली. ते भजनी मंडळात गातात. भिंतीला जवळजवळ नाक लावून त्यांनी खर्जात सूर धरला, नुसता हुंकार, आणि हळूहळू वरखाली करू लागले. एका ठिकाणी सूर पोचला आणि अख्खी खोली घुमायला लागली. तोच सूर धरून ते दोन पावलं मागे आले, तर आवाज विरला. आणखी थोडं मागे, खोलीच्या मध्यावर, पुन्हा घुमला. "ऐकलं?" म्हणाले. "इथे ढोलकी एका खुर्चीवर कानठळ्या बसवेल आणि शेजारच्या खुर्चीवर ऐकूच येणार नाही."

मी घरी येऊन हिशेब मांडला. आवाज सेकंदाला साधारण 343 मीटर जातो. बारा फुटांच्या दोन भिंतींमध्ये सेकंदाला सुमारे 47 कंपनांचा सूर अडकून उभा राहतो आणि त्याच्या दुपटीचा, म्हणजे 94 कंपनांचाही. हा दुसरा सूर पुरुषाच्या खर्जात येतो. मामांनी तोच पकडला होता. खोली लांबीला बारा आणि रुंदीलाही बारा असली की दोन्हीकडून तेच सूर एकमेकांवर चढतात. अकरा बाय पंधरा असेल तर वेगवेगळे सूर वेगवेगळ्या ठिकाणी विभागले जातात, कुणा एकाची दादागिरी होत नाही. मामांना आकडे माहीत नव्हते, सूर माहीत होता.

मामांचं एवढ्यावर भागलं नाही. त्याच घरी रात्री दहानंतर पुन्हा जायचं म्हणाले. बिल्डरच्या माणसाला विनवून गेलो. रेल्वे लाइन जवळच. मालगाडी आली आणि खिडकीच्या काचा थरथरल्या. मामा डोळे मिटून उभे होते. गाडी गेली तसे म्हणाले, "सिनेमातला शांत सीन आला की ही येणार."

तिसरं घर त्रिमूर्तीनगरला, स्वतंत्र, जुनं, तळमजल्याचं. मागच्या बाजूला एक खोली. आधीचे मालक तिथे गव्हाच्या कोठ्या आणि लग्नाकार्याच्या गाद्या ठेवायचे. अकरा बाय पंधरा. नऊ इंची भिंती, उत्तरेला एकच लहान खिडकी. दादानं दारातूनच नाक मुरडलं. मामा आत गेले, टाळी वाजवली. टाळी वाजली आणि तिथेच थांबली. वहिनींनी तेच माहितीपत्रक वाचलं. अक्षर न् अक्षर कळलं. मामा उंबऱ्यावर बसले आणि म्हणाले, "हिच्यात आवाज बसतो."

दादा अजून त्या सातव्या मजल्याच्या हॉलमध्येच अडकलेला. निकाल वहिनींनी दिला. म्हणाल्या, "त्या हॉलमध्ये मला माझंच बोलणं कळत नव्हतं. मी तिथे संसार कसा करू?" घर त्रिमूर्तीनगरचं झालं. आज त्या खोलीत शंभर इंची पडदा आहे आणि मामांची खुर्ची ठरलेली आहे.

वहिनींच्या त्या बोलण्याशी मी पूर्ण सहमत आहे. स्वयंपाकघर हॉलला जोडण्याची ही जी पद्धत आली आहे ना, ती आपल्या घरांना मानवत नाही. आपल्याकडे मिक्सर चालतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, फोडणी बसते. ज्या बाईला दिवसभर हा आवाज सोसावा लागतो, तिला संध्याकाळी तरी त्यातून सुटका हवी. एक भिंत आणि एक दार, एवढंच लागतं त्याला.

आता मोजमापाचं थोडक्यात. 65 इंची टीव्हीसमोर साडेसहा ते नऊ फुटांवर बसावं. तिरकं मोजून शंभर इंची असलेला पडदा सव्वासात फूट रुंद असतो, त्याच्यासमोर दहा ते तेरा फुटांवर. आणि खुर्ची मागच्या भिंतीला टेकवू नका. पाठीमागे तीन फूट तरी सोडा, कारण बाजूचे स्पीकर किंचित मागून यावे लागतात. म्हणजे पडद्यासाठी खोली साधारण पंधरा फूट लांब हवी. फ्लॅटच्या कागदावर रेरा कायद्याप्रमाणे मोजलेला कार्पेट एरिया, म्हणजे आतली वापरायची जागा, लिहिलेला असतो, पण त्यात आतल्या भिंतींची जाडीही धरलेली असते. टेप सोबत न्या, प्लास्टर ते प्लास्टर मोजा. वर बीम किती खाली उतरला आहे तेही पाहा, प्रोजेक्टरचा झोत त्याला अडतो.

संवाद कळत नाहीत ही तक्रार मी घरोघरी ऐकतो. टॉकीजच्या पडद्याला बारीक छिद्रं असतात आणि संवादाचा स्पीकर पडद्यामागे असतो, म्हणून आवाज नटाच्या तोंडून आल्यासारखा वाटतो. घरी मधला स्पीकर तेच काम करतो. त्याला टीव्हीखाली मोकळी जागा द्या, शोकेसच्या कप्प्यात कोंबू नका.

उन्हाळ्याचं बोलल्याशिवाय नागपुरात घराचं बोलणं पुरं होत नाही. कूलरसारखी सोय नाही, खसाच्या वासाला तोड नाही, हे मी मनापासून मानतो. पण या खोलीत कूलर नको. कूलरला उघडी खिडकी लागते आणि आपल्याला खोली बंद हवी. शिवाय त्याच्या घरघरीवर मात करायला आवाज वाढवत बसावं लागतं. इथे एसीच लावा आणि त्याची जागा घर घेतानाच पाहून ठेवा. पश्चिमेची भिंत टाळा, वर थेट गच्ची असलेली खोली टाळा. नवतप्यात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री अकरापर्यंत आग ओकतो, नेमका सिनेमाच्या वेळी.

घर ताब्यात घेण्याआधी, भिंती रंगवण्याआधी, वायरिंगवाल्याला दोन कामं सांगा. या खोलीला वेगळी लाइन आणि पक्कं अर्थिंग. आणि पडद्याच्या भिंतीपासून मागच्या भिंतीपर्यंत एक रुंद पाइप, कारण चित्र आणि आवाज नेणाऱ्या एचडीएमआय केबलचं टोक नेहमीच्या पाइपातून जात नाही. नंतर भिंत फोडणं महाग पडतं.

आणि भिंतीपलीकडे कोण राहतं ते विचारून ठेवा. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 डेसिबल आहे, रात्री दहा ते सकाळी सहा 45. पण कायद्याच्या आधी शेजार येतो. पलीकडे कुणाच्या आजी झोपत असतील, अभ्यासाचं पोर असेल, तर पडदा त्या भिंतीवर नको, समोरच्या भिंतीवर घ्या, आणि सबवूफर, म्हणजे खर्जाचा स्पीकर, त्या भिंतीपासून दूर ठेवा. धमक भिंतीतून जाते, दार लावून ती थांबत नाही. दाराखालच्या फटीतून बाकीचा आवाज जातो, ती फट मात्र रबरी पट्टीनं बुजवता येते. हार्डवेअरच्या दुकानात मिळते, पंधरा मिनिटांचं काम आहे.

नमस्कार.