मिनिटभराचा डाव

श्रोतेहो, नमस्कार. आजचा विषय ऑनलाइन बुद्धिबळातला बुलेट, म्हणजे अगदी झटपट डाव. त्यातही सगळ्यात जास्त खेळला जाणारा प्रकार, म्हणजे दोघांना ६०-६० सेकंद आणि चालीमागे वाढीव वेळ शून्य. घरात पट असेल तर जवळ घेऊन बसा, दोन-तीन ठिकाणी मांडून बघावं लागेल.

आधी हिशेब करू. डाव ४० चालींचा धरला तर एका चालीला दीड सेकंद मिळतो. सुरुवातीच्या दहा चाली ठरलेल्या असतील तर आठ-दहा सेकंदांत उरकतात, आणि तशा त्या उरकायलाच हव्यात. म्हणजे शेवटच्या झटापटीसाठी पंधरा सेकंद हाताशी राहतात. नेहमीचं दुखणं असतं ते मधल्या एखाद्या चालीवर सात-आठ सेकंद घालवण्याचं. फुकट काही जात नाही ना, एवढं बघा आणि बरी दिसेल ती चाल खेळून मोकळे व्हा.

सेटिंगमध्ये मोहऱ्यांची सरकती हालचाल, म्हणजे अ‍ॅनिमेशन, बंद करा. ‘ही चाल नक्की का’ असं विचारणारा पर्यायही बंद करा. पट स्क्रीनभर पसरलेला नको. माउसला जितकं अंतर कमी तितकं बरं.

आता प्रीमूव्ह, कारण बुलेटचे निम्मे डाव इथेच जिंकले-हरले जातात म्हटलं तरी चालेल. समोरचा विचार करत असतानाच आपली पुढची चाल लावून ठेवायची. चेस डॉट कॉमवर अशा चालीला सेकंदाचा दहावा भाग कापला जातो, पण एकामागे एक अनेक चाली लावता येतात. लीचेस या दुसऱ्या साइटवर एकच लावता येते, मात्र तिला वेळ लागतच नाही.

सगळ्यात निर्धोक प्रीमूव्ह म्हणजे परत मारण्याची. समोरच्यानं मारलंच नाही तर त्या घरावर आपलाच मोहरा उभा असतो, त्यामुळे लावलेली चाल आपोआप रद्द होते. बाकीच्या प्रीमूव्ह मात्र जपून. उदाहरणं मांडताना घरांची नावं लक्षात ठेवा: उभ्या ओळी पांढऱ्याच्या डावीकडून ए ते एच, आडव्या ओळी पांढऱ्याकडून १ ते ८. पांढऱ्याकडून लंडन पद्धत खेळणारे पहिली चाल प्यादं डी४ करतात आणि लगेच उंट एफ४ लावून ठेवतात. काळ्यानं ई५ खेळलं की तो उंट निमूटपणे प्याद्याच्या तोंडी जाऊन बसतो. उलट बाजूनेही हेच घडतं. पांढरा डी४, काळा जी६. काळ्यानं सवयीनं उंट जी७ लावून ठेवलाय. पांढरा उंट थेट एच६ वर टाकतो. काळ्याचा उंट जी७ वर येतो, पांढरा तो मारतो आणि कोपऱ्यातला हत्तीही अडकतो. पण हा जुगार आहे बरं का! काळ्यानं काही लावलेलं नसेल तर तो एच६ वरचा उंट फुकट खाईल.

म्हणून लावण्याआधी एकच बघायचं: समोरच्यानं अगदी वेड्यासारखी चाल केली तरी आपलं काही जातंय का? काळ्याकडून ई४ ला सी६ खेळून पुढचं डी५ लावून ठेवलं, तर या कसोटीला उतरतं.

दोघांचीही घड्याळं दहा सेकंदांखाली आली की शह द्या, फुकटचा असला तरी. शह बसला की समोरच्याची लावलेली चाल बहुतेक वेळा मोडते आणि त्याला हात थांबवून बघावं लागतं. हरत असाल तर एखादं प्यादं जिवापाड जपा. तुमच्याकडे नुसता राजा उरला आणि समोरच्याची वेळ संपली तर डाव बरोबरीत सुटतो; प्यादं असेल तर तुम्ही जिंकता.

जिंकत असलेल्यांची फजिती वजिरामुळे होते. काळा राजा एच८ वर एकटा, आणि तुम्ही घाईत वजीर जी६ किंवा एफ७ वर ठेवलात. शह नाही, राजाला हलायला घर नाही, डाव बरोबरीत! म्हणून वेळ अगदीच कमी असेल आणि दोन हत्ती असतील तर वजिराच्या मोहात पडू नका. दोन हत्तींनी एकेक आडवी ओळ कापत नेणं हाताला सोपं, आणि राजा हत्तीजवळ आला तर हत्ती त्याच ओळीत पटाच्या दुसऱ्या टोकाला न्यायचा, बस्स.

सरावाचं म्हणाल तर दिवसभर बुलेटच खेळत राहिल्यानं चुका पक्क्या होतात. दोन मिनिटं आणि चालीला एक सेकंद वाढीव, असे डाव मध्ये मध्ये खेळा. लीचेसवर पझल स्टॉर्म नावाचा तीन मिनिटांचा कोड्यांचा प्रकार आहे. उत्तर चुकलं की दहा सेकंद कापतात, त्यामुळे आंधळी घाई लगेच महागात पडते. हरलेल्या डावात फक्त दोन जागा शोधा: पहिला मोहरा कुठे गेला आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे खाल्ला. पुष्कळदा दुसरी जागा पहिलीच्या दोन-तीन चाली आधी सापडते. शिवाय राजा-वजीर विरुद्ध एकटा राजा अशी स्थिती मांडून कॉम्प्युटरवर मात करून बघा, आधी ३० सेकंदांत, मग १५ सेकंदांत.