अजून एक वर्ष राहू दे

श्रोतेहो, नमस्कार.

आज येशूच्या दाखल्यांतून गुरू आणि शिष्य पाहू. देवळाच्या सभामंडपात कीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या गोंयकारांना दृष्टांत काही नवा नाही. पण बुवा आख्यान संपवताना अर्थ आपल्या पदरात घालूनच घरी पाठवतात. येशू तसं करत नाही. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय पाहा. पेरणाऱ्याची गोष्ट तो सरोवराकाठी जमलेल्या गर्दीला सांगतो, ‘ज्याला कान आहेत तो ऐको’ म्हणतो आणि थांबतो. गर्दी पांगते. जे मागे रेंगाळतात, ते एकांतात विचारतात, ‘याचा अर्थ काय?’ त्यांना तो अर्थ सांगतो, तोही ‘एवढं समजलं नाही?’ असं सुनावून! शिष्य कोण, तर गोष्ट संपल्यावरही ज्याचा पाय निघत नाही तो.

फादर थॉमस स्टीफन्स यांनी हे नेमकं हेरलं असावं. १५७९ साली गोव्यात आलेल्या या इंग्रज जेझुइटानं मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचलं आणि १६१६ साली ते सासष्टीतल्या राशोलला छापलं गेलं. त्यातही श्रोते शंका काढतात आणि पाद्री गुरू उत्तर देतो.

आता गुरूच्या बाजूनं पाहू. लूकच्या तेराव्या अध्यायात अंजिराचं झाड आहे. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो, मिळत नाही, म्हणतो, तोडून टाक, जागा कशाला अडवायची? माळी म्हणतो, धनी, एवढं वर्ष राहू द्या, मी सभोवती खणतो, खत घालतो. फोंडा-सत्तरीकडच्या कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पोफळ काही दरडावून धरत नाही. आळं मोकळं करावं लागतं, शेणखत ओढावं लागतं, पाट वळवावा लागतो. माळ्याला झाडाविषयी तक्रार नाही, त्याचं लक्ष मुळांकडे आहे. पण नुसती दयामाया म्हणून हा दाखला वाचू नये. माळी मुदत मागतो ती एका वर्षाची. ‘नाही आलं फळ, तर मग तोडा,’ हेही तोच म्हणतो. आपल्याकडे शाळेत काय, गाण्याच्या शिकवणीत काय, मालक पुष्कळ. कुदळ हातात घेणारे थोडे. माझं मत हं हे, पटलं तर घ्या.

आणि खणून झाल्यावर? मार्कमध्येच एक इवलासा दाखला आहे. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो. बी कसं रुजतं ते त्याला ठाऊक नाही. शिष्याला दिवसातून तीनदा फोन करून ‘कुठवर आलं?’ विचारणाऱ्यांनी तो जरूर वाचावा.

मत्तयमधल्या पैशांच्या थैल्यांच्या दाखल्यात धनी एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक थैली देतो, ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे. पाचाच्या दहा झाल्या, दोनाच्या चार. धन्यानं दोघांना दिलेली शाबासकी शब्दन् शब्द एकच आहे. भजनी स्पर्धेच्या परीक्षकांना हे जमायचं नाही, पण शिकवणाऱ्याला जमायला हवं. बिचारा तिसरा भ्याला आणि त्यानं थैली पुरून ठेवली; धनी कडक आहे एवढंच त्यानं धन्याविषयी जाणलं होतं.

शेवटी लूकमधला तो शास्त्री, येशूची परीक्षा पाहायला आलेला आणि बोलता बोलता ‘माझा शेजारी कोण?’ विचारणारा. येशू व्याख्या देत नाही. यरीहोच्या वाटेवर लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. याजक बगल देऊन जातो, मंदिराचा सेवेकरी लेवीही जातो, आणि ज्यांच्याशी यहुद्यांचं उभं वैर त्यांच्यातला एक शोमरोनी थांबतो, जखमा बांधतो, आपल्या जनावरावर घालून उतारशाळेत नेतो, खर्चाचे पैसेही ठेवतो. मग येशू उलट विचारतो, ‘या तिघांतला शेजारी कोण ठरला?’ शास्त्र्याच्या तोंडून ‘शोमरोनी’ काही निघत नाही. ‘ज्यानं दया केली तो,’ म्हणतो. येशू त्यावर अडून बसत नाही, ते नाव त्याच्याकडून वदवून घेत नाही. म्हणतो, ‘जा, तूही तसंच कर.’

नमस्कार.