टेबल घासायला घेण्याआधी कापसाचा बोळा घ्या

(टेबलावर टकटक करत) हे टेबल वडिलांचं. सागवानी. उत्तरपत्रिका तपासायला ते इथेच बसायचे. वर चहाच्या कपांचे पांढरे गोल, लाल शाईचा डाग, आणि या कोपऱ्यात मी कर्कटकानं कोरलेलं माझं नाव. नाव राहू दे. बाकीचं आज काढायचं.

तुमचा हात सँडपेपरकडे गेला असेल, तर थांबा. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घ्या आणि खणाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणी बघत नाही, तिथे अर्धा मिनिट दाबून धरा. (बोळा कॅमेऱ्यासमोर) बघा, कापूस तपकिरी झाला आणि बोटाला चिकटतंय. म्हणजे हे लाखेचं पॉलिश, चपडा, म्हणजे शुद्ध केलेल्या लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरचे किडे ही लाख तयार करतात. आजोबांच्या ७८ आरपीएमच्या तबकड्यांमध्येही हीच लाख असायची.

आता हे पॉलिश घासून काढायला गेलात, तर घर्षणानं लाख तापते, मऊ होते आणि पेपरात भरून बसते. पाच मिनिटांत पेपर वाया. त्यापेक्षा स्पिरिटमध्ये फडकं भिजवा, पुसा, फडकं बदला, परत पुसा. बोळा कोराच राहिला, तर बहुधा मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असेल, ही पॉलिशं स्पिरिटमध्ये विरघळत नाहीत. मग घासण्यावाचून इलाज नाही.

घासण्याआधी कडा बघा. वर पातळ पापुद्रा चिकटवलेला दिसला, तर ते विनिअर. माझ्या पहिल्या टेबलावर ते जेमतेम अर्धा मिलिमीटर होतं. मी घासायच्या मशीनला ८० नंबरचा खरखरीत पेपर लावला (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) आणि दोन मिनिटांत खालचं प्लाय वर आलं. त्या टेबलावर आता कायमचा टेबलक्लॉथ आहे. विनिअरला २२० नंबर, तोही हातानं, हलकाच.

भरीव सागाला १२०, मग १८०, मग २२०. पेपर ठोकळ्याला गुंडाळा, नुसत्या बोटांनी घासलं की खळगे पडतात. आणि हात लाकडाच्या रेषेतच चालला पाहिजे. आडवे ओरखडे आत्ता दिसत नाहीत, पॉलिशचा पहिला हात पडला की सगळे वर येतात. टॉर्च आडवा धरून आधीच बघून घ्या. शेवटी ओलसर फडकं फिरवा, वाळू द्या, उभे राहिलेले तंतू २२० नं परत बसवा.

मास्क लावा, ओढणी चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं लाकडाची धूळ १९९५ सालीच कर्करोगकारक ठरवली आहे.

पॉलिशसाठी एक लिटर स्पिरिटला साधारण १५० ग्रॅम चपडा, काचेच्या बरणीत रात्रभर, मग गाळून. लोखंडी डबा नको, पॉलिश काळपट होतं. जवळपास गॅस नको, उदबत्तीसुद्धा नको. मलमलच्या फडक्यात कापूस बांधून बोळा करा आणि लांब, पातळ हात मारा. मध्ये बोळा थांबला, की तिथेच चिकटला. दोन-तीन हात झाले, की वाळू द्या आणि ४०० नंबर अलगद फिरवा. मी एकूण आठ हात दिले.

पावसाळ्यात हे काम काढू नका. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि पॉलिश दुधाळ होतं. ऑक्टोबरच्या उन्हाला आपण एरवी शिव्या देतो, या कामाला मात्र ते सोन्यासारखं.

आता तुम्ही म्हणाल, गरम कप ठेवला की डाग, सॅनिटायझर सांडला की डाग, मग पीयूच का नाही मारायचं? पीयू टिकतं, कबूल. पण त्यावर ओरखडा पडला तर बऱ्याचदा अख्खा पृष्ठभाग नव्यानं करावा लागतो. लाखेचा नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो. या टेबलावर पहिला पांढरा गोल तिसऱ्याच दिवशी उमटला. (त्या जागी हात फिरवत) स्पिरिटचा किंचित ओला बोळा दोनदा फिरवला, गेला.