कायदा आहे, पण करवत कोण ओढणार?

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेतली आपली मराठी मंडळी उन्हाळा लागला की डोंगर गाठतात. सिएटलच्या पूर्वेला, कॅस्केड पर्वतरांगेतल्या अल्पाइन लेक्स वाइल्डरनेसमधल्या तळ्यांचे फोटो तुमच्यापैकी कित्येकांच्या फोनमध्ये असतील. त्या रानाची देखभाल करणाऱ्या माणसांविषयी आज बोलायचं आहे.

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर, म्हणजे रान जसंच्या तसं राखण्याच्या कायद्यावर, सही केली. तेव्हा ९१ लाख एकर जमिनीला संरक्षण मिळालं. आज हा आकडा ११ कोटींच्या वर गेला आहे, त्यातली निम्म्याहून जास्त जमीन एकट्या अलास्कात. अशा संरक्षित रानात रस्ता बांधायचा नाही, गाडी न्यायची नाही, सायकलसुद्धा नाही. आणि निकडीचे अपवाद सोडले, तर मोटारीवर चालणारं कुठलंही अवजार वापरायचं नाही.

म्हणजे वाटेवर झाड पडलं तर ते हातानेच कापायचं. दोन टोकांना दोन माणसं आणि मध्ये पाच-सहा फुटी करवत. ती फक्त आपल्याकडे ओढायची. ढकलली की पातं वाकतं. खोड दबलेलं असेल तर काप मिटत जातो आणि करवत अडकते, म्हणून मागून पाचर ठोकत जायचं. कुठल्या बाजूला ताण आहे हे ओळखता आलं नाही, तर सुटलेलं खोड पायावर येतं. हे काम अनुभवी माणसाच्या हाताखालीच शिकावं लागतं. आणि झाड तसंच राहिलं तर? येणारा-जाणारा वळसा घालतो, बाजूची झुडपं तुडवली जातात, नवी वाट पडते, आणि पावसात तिथली माती वाहून जाते.

सप्टेंबर २०२४ मध्येच वनसेवेने, म्हणजे अल्पाइन लेक्ससारखी रानं सांभाळणाऱ्या, कृषी खात्याखालच्या सरकारी यंत्रणेने, पैशांअभावी पुढच्या मोसमासाठी, आग विझवणारे सोडून, हंगामी भरती थांबवल्याचं जाहीर केलं होतं. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये परिविक्षाधीन, म्हणजे नेमणुकीनंतरच्या चाचणी काळातल्या, कर्मचाऱ्यांना सरसकट काढण्यात आलं. कृषी खात्याने आकडा सांगितला सुमारे २,०००, कामगार संघटनेने ३,४००. वर्षानुवर्षं हंगामी राबून नुकतेच कायम झालेलेही त्यात होते. पुढे त्यांना परत घेण्याचे आदेश निघाले, पण तोवर स्वेच्छेने बाहेर पडण्याची योजना आली होती आणि अनेक जाणते लोक निघून गेले. जुलै २०२५ मध्ये खात्याने वनसेवेची नऊही प्रादेशिक कार्यालयं टप्प्याटप्प्याने बंद करायची योजना मांडली. वरचे थर कमी करायला माझा विरोध नाही. पण खाली रानात माणूस उरलाच नसेल, तर त्या सुटसुटीतपणाचा उपयोग कोणाला?

काही जण म्हणतात, स्वयंसेवक आहेत ना! आहेत, आणि ते खरोखर मनापासून राबतात. पण राष्ट्रीय वनांत करवत चालवायला त्यांनाही वनसेवेचंच प्रमाणपत्र लागतं. कुठली वाट आधी मोकळी करायची, कुठे माणसं अडकली आहेत, कुठे कोणी बंदी असताना शेकोटी पेटवली आहे, हे पाहणारा रेंजरच नसेल, तर स्वयंसेवकांनी काम करायचं कोणाच्या भरवशावर?

तिथे राहणाऱ्या श्रोत्यांना माझी कळकळीची विनंती आहे. वनसेवेचा पैसा काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, दर वर्षी मंजूर करते. आपल्या मतदारसंघाच्या प्रतिनिधीला पत्र लिहा. तुम्ही व्हिसावर असाल तरी तिथले रहिवासी म्हणून तुम्हाला लिहिता येतं. मोठमोठ्या गोष्टी लिहू नका. कुठली वाट, कुठल्या महिन्यात, किती झाडं आडवी होती आणि रेंजर भेटला की नाही, एवढं लिहा. आणि वाटा मोकळ्या ठेवणाऱ्या पथकांसाठी वेगळी तरतूद मागा.

नमस्कार.