चूल कुणाची धरायची?

(दृश्य: फळा, खडूचा आवाज)

बीड जिल्ह्यातला अकरावीचा वर्ग. समाजशास्त्राचा तास. मॅडमनी फळ्यावर एवढंच लिहिलंय: 'तुमच्या घरात माणसं किती?'

पहिल्या बाकावरची मुलगी पटकन म्हणते, सहा. मग अडखळते. "मॅडम, दिवाळीनंतरची सांगू का गुढीपाडव्यानंतरची?"

(दृश्य: उसाच्या फडाकडे निघालेला ट्रॅक्टर, वर संसार)

दिवाळीच्या आगेमागे आई-बाप ऊस तोडायला जातात. सगळ्यात धाकटा भाऊ त्यांच्याबरोबर. गावात उरतात आजी, ही आणि मधला भाऊ. दोन गावं, दोन चुली.

मॅडम पुस्तक उघडत नाहीत. त्या 'कोयता' हा शब्द लिहितात. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असेल तर अर्धा. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती या कोयत्याला. त्यात आजी नाही, लेकरं नाहीत. बाई आहे, पण उचल बहुतेकदा गड्याच्या हातात पडते. कुटुंब कुणाला म्हणायचं हे इथं धंद्यानं आपल्या सोयीनं ठरवून टाकलंय.

(दृश्य: जुन्या ग्रंथालयातलं कपाट)

आता पुस्तक. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या इरावती कर्वे यांनी 1953 साली एकत्र कुटुंबाची व्याख्या केली. एका छपराखाली राहणारी, एका चुलीवरचं जेवणारी, मालमत्ता आणि देवधर्म सामाईक असलेली, नात्यानं बांधलेली माणसं. जनगणनाही स्वयंपाकघर बघते, पण कामापायी कुणी पंगतीला नसेल तर त्याला सूट देते. आपली गंमत अशी, की जनगणनेचं ते 'घर' आणि नात्यागोत्याचं कुटुंब, दोन्हींना आपण 'कुटुंब' हा एकच शब्द वापरतो. आणि जुन्या पिढीतला माणूस 'आमचं कुटुंब' म्हणाला, तर तो फक्त बायकोबद्दल बोलत असायचा!

मागच्या बाकावरून शंका येते: "मग चुली दोन झाल्या की कुटुंब मोडलं?"

याच प्रश्नापाशी समाजशास्त्रज्ञ आय. पी. देसाई थांबले होते. गुजरातमधल्या महुवा या छोट्या शहराचा त्यांचा अभ्यास 1964 साली प्रसिद्ध झाला. वेगळे राहणारे भाऊ जमिनीत वाटेकरी असतात, लग्नकार्याला, अडीनडीला एकमेकांना बांधलेले असतात. छप्पर वेगळं झालं म्हणून एकत्रपण संपलं, हे त्यांना मान्य नव्हतं.

(दृश्य: लालबागची चाळ)

उलटं उदाहरण मुंबईतलं. गिरणगावात कोकणातल्या एकेका गावाचे गाळे होते. एका खोलीत पाळीपाळीनं झोपणारे, खानावळीत एका पंगतीला बसणारे पुरुष. छप्पर एक, जेवणही एक. पण मनीऑर्डर जायची प्रत्येकाच्या गावी, वेगवेगळ्या घरी. भाकरी थापणारी खानावळवाली त्यांची कोण, हे कुठल्याच व्याख्येत बसत नाही. मला स्वतःला हे उदाहरण कर्व्यांच्या व्याख्येइतकंच महत्त्वाचं वाटतं.

(दृश्य: पुन्हा वर्ग, दुसरा दिवस)

घरचा अभ्यास होता, फळ्यावरचा तोच प्रश्न घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारायचा. पहिल्या बाकावरची मुलगी उठते.

"आजी म्हणते, आठ."

सहाचे आठ कसे झाले? आजीनं लग्न झालेल्या दोन्ही लेकी धरल्या होत्या.

"आणि जावई?"

"त्यांना नाही धरलं."