निशाणा कातडीवरच

(दृश्य: कर्करोगावरच्या रेडिएशनचा उपचार कक्ष. टेबलावर निजलेला रुग्ण. कपाळावर टाक्यांचा ताजा व्रण.)

तंत्रज्ञ त्या व्रणावर रबरासारखी मऊ, जेमतेम सेंटिमीटरभर जाडीची चकती ठेवतात. कडा हातानं दाबून पाहतात. खाली हवा राहिलेली चालत नाही. या चकतीत औषध नाही. तिला म्हणतात बोलस.

लिनॅक या रेडिएशन देणाऱ्या यंत्रातून येणारे एक्स-किरण कातडी ओलांडून थेट आत शिरतात. त्यांचा पूर्ण जोर लागतो तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर खोलीवर. फुप्फुसातल्या गाठीसाठी हे उत्तमच, वरची कातडी बचावते. पण इथे रोगच कातडीत आहे. म्हणून ही चकती. पहिला सेंटिमीटर तिच्यात खर्ची पडतो आणि किरण पुरेशा जोरानं कातडीवर पोचतात.

या रुग्णाला मर्केल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कर्करोग आहे. लालसर-जांभळट, टणक गाठ. बहुधा दुखत नाही, म्हणून साधं गळू समजून सोडून दिली जाते. वाढते मात्र भराभर. 1972 मध्ये सिरिल टोकर यांनी या कर्करोगाचं पहिलं वर्णन केलं. 2008 मध्ये यातल्या बहुतेक गाठींमागचा विषाणूही सापडला.

आधी शस्त्रक्रिया होते. पण या पेशी आसपासच्या लसीकावाहिन्यांतून पुढे सटकतात, म्हणून नंतर व्रणाभोवतीच्या भागाला आणि गरजेप्रमाणे जवळच्या लसीकाग्रंथींनाही रेडिएशन दिलं जातं. किरणांपुढे हा कर्करोग लवकर नमतो, ही त्यातली जमेची बाजू. शस्त्रक्रिया झेपणार नसेल, तर केवळ रेडिएशनवरही उपचार होतात. एकूण मात्रा साधारण 50 ते 66 ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांचं माप). रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस. प्रत्यक्ष किरण काही मिनिटंच; वेळ जातो तो रुग्णाला रोज अचूक त्याच जागी निजवण्यात.

2017 मध्ये पसरलेल्या मर्केलसाठी अ‍ॅव्हेलुमॅब हे इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कर्करोगाशी लढायला लावणारं औषध मंजूर झालं. तरीही एखादी गाठ छळत असेल, तर 8 ग्रेचा एकच डोस आजही कामी येतो.

(दृश्य: उभा रुग्ण, हात वर.)

मायकोसिस फंगॉइडिस या त्वचेच्या लिम्फोमात (प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या कर्करोगात) कधी कधी अख्ख्या अंगाची कातडी शेकावी लागते. इथे एक्स-किरणांऐवजी इलेक्ट्रॉन वापरतात, कारण ते वरच्या थरातच थांबतात. रुग्ण सहा वेगवेगळ्या पवित्र्यांत उभा राहतो आणि डोळ्यांवर संरक्षक कवच असतं.

त्रास होतोच. कातडी लाल होते, सोलवटते, कधी ओली पडते. केस जातात, पण किरण पडले तिथलेच. थकवा मात्र सगळ्या शरीराला येतो. बाहेरून दिलेले हे किरण अंगात उरत नाहीत, त्यामुळे घरी जाऊन नातवंडांना खुशाल मांडीवर घ्यावं.

रेडिएशन सगळ्यांना चालतं असंही नाही. गॉर्लिन सिंड्रोम हा आनुवंशिक आजार असलेल्यांत किरण पडलेल्या जागी पुढे नवे कर्करोग उगवू शकतात. त्यांच्या बाबतीत डॉक्टर होता होईल तो दुसरा मार्ग निवडतात.