बागेश्रीवाला

नमस्कार मंडळी. मैफल संपते, टाळ्या होतात, बाहेर चपला शोधायची झुंबड उडते, तंबोरे गवसणीत जायला लागतात, आणि आपण मात्र स्टेजच्या कोपऱ्यात उगाच घुटमळत उभे, कारण समोर ज्याचं गाणं किंवा वाजवणं आपण वर्षानुवर्षं ऐकतोय तो माणूस बसलाय आणि आता त्याच्याशी बोलायचं काय हेच सुचत नाहीये. झालंय ना असं? माझं तर कितीतरी वेळा झालंय, आणि एकदा जे झालं ते सांगायलाच आज बसलोय.

पुण्यात सदाशिव पेठेत एका छोट्या हॉलमधे बैठक होती, शंभरेक माणसं असतील, गाणाऱ्या बाईंनी असं काही गायलं की मी अक्षरशः हवेत होतो. त्याच हवेत त्यांच्यासमोर गेलो, वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, "ताई, आजचा बागेश्री म्हणजे कमाल!" त्या दोन सेकंद गप्प. मग हसून म्हणाल्या, "रागेश्री गायले हो मी. तुम्ही माझा गंधार कोमल करून टाकलात." आता ज्यांना यातलं कळतं ते हसले असतील, बाकीच्यांसाठी सांगतो, बागेश्रीत गंधार कोमल आणि रागेश्रीत शुद्ध, म्हणजे जो सूर त्यांनी तासभर जिवापाड सांभाळला तोच मी एका वाक्यात खाली ओढला. शेजारी पेटीवाले काका भाता बंद करत होते, त्यांनी मान वर करून पाहिलं पण नाही. निदान मला तेव्हा तरी तसं वाटलं.

तर माझं चुकलं कुठे? रागाचं नाव चुकलं हे एक झालंच, पण खरं म्हणजे मला आपण जाणकार आहोत हे दाखवायचं होतं, म्हणून ते नाव तोंडात आलं. नुसतं "कमाल", "ग्रेट" म्हटलं असतं तरी फार काही झालं नसतं म्हणा, त्यावर समोरचा "थँक्यू" म्हणणार, दुसरं बिचारा काय म्हणणार? शिवाय पाठीमागे सेल्फीवाल्यांची लाईन असतेच.

आणि मैफलीच्या आधी तर अजिबात जाऊ नका. ग्रीनरूममधे तंबोरे लावत असतात, जवारीवर तारेखाली असतो तो दोरा केसभर इकडे-तिकडे सरकवून सूर बघत असतात, मालकंस गायचा असेल तर पंचमाची तार मध्यमावर आणायची असते कारण मालकंसात पंचम नाहीच. तो माणूस त्या वेळी पूर्ण कानात गेलेला असतो, तुमचं "नमस्कार, ओळखलंत का" त्याला ऐकूच येत नाही. सवाई गंधर्वसारख्या ठिकाणी, भीमसेनजींनी गुरूंच्या आठवणीत 1953 मधे सुरू केलेला तो महोत्सव, तिथे हजारोंच्या गर्दीत गप्पांची आशा तर सोडाच. लहान बैठक बघा, सगळं आवरत आल्यावर जा, आणि गायकाच्या भोवती घोळका असेल तर खुशाल साथीदाराकडे जा. तिथे सहसा कोणी नसतं.

मी पुढच्या वर्षी तेच केलं. तेच पेटीवाले काका होते, दुसऱ्या गायिकेच्या साथीला. ते फडक्याने पट्ट्या पुसत होते, मी जवळ जाऊन खाली बसलो (उभ्याने बोललं की त्यांना मान वर करावी लागते हो, तीन तास बसलेला माणूस असतो) आणि म्हटलं, "काका, एक विचारू का? मघाशी त्या तार षड्जावर थांबल्या आणि तिथून मींड घेत खाली आल्या, तेवढा वेळ तुम्ही हात उचलूनच धरला होता. का?"

फडकं थांबलं.

"तुम्हाला दिसलं ते?" म्हणाले. "अहो पेटीवर मींड येत नाही. दोन सुरांच्या मधली जागा हिच्यात नाहीच. त्या घसरत येणार आणि मी काय पायऱ्या ठोकत बसू?"

आणि मग जे सुटले! आता रेडिओवरच बोलतोय म्हणून सांगतो, याच कारणासाठी आपल्या आकाशवाणीने 1940 मधे पेटीला बंदी घातली होती, श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक सूर, नाहीत, मींड नाही म्हणून, आणि ती 1971 पर्यंत होती, पुढे हळूहळू सैल झाली. काकांचे गुरू म्हणे रेडिओस्टेशनवरून सायकलने जाताना मान फिरवून घ्यायचे. मग जुन्या जर्मन सुरांच्या पेट्या, भाता किती ओढायचा, काळी चार पट्टीत गाणारी बाई आणि काळी एकमधे गाणारा बुवा एकाच दिवशी असले की बोटांचं काय होतं, सगळं निघालं. मी फक्त "हो का?" आणि "मग?" एवढंच म्हणत होतो. "पंडितजी" म्हणून बघितलं एकदा, तर म्हणाले, "काका बरं आहे."

हॉलवाल्याने दिवे घालवायला सुरुवात केली तेव्हा उठलो. पेटी मी उचलली, चांगलीच जड असते बरं का, रिक्षापर्यंत नेली, त्यांच्या पायाशी नीट ठेवून दिली. रिक्षा सुरू झाली आणि काकांनी डोकं बाहेर काढलं.

"अहो, ते बागेश्रीवाले तुम्हीच ना?"